गाळ्यात उभं राहणारं बोइंग: विमान-आपत्तीचा प्रसंग ठाणे-नवी मुंबईत कसा चित्रित करावा

विमान-आपत्तीच्या सिनेमांची लाट ज्या चित्रपटाने आणली, तो १९७० चा 'एअरपोर्ट'. दिग्दर्शक जॉर्ज सीटन, आधार आर्थर हेली यांच्या १९६८ च्या कादंबरीचा. या भव्य चित्रपटात बोइंग ७०७ विमान एकच वापरलं आहे: फ्लाइंग टायगर लाइन या मालवाहू विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेलं. अंगावर एल अल या इस्रायली कंपनीच्या विमानांसारखा पट्टा आणि त्यावर 'ट्रान्स ग्लोबल एअरलाइन्स' हे काल्पनिक नाव. बाहेरची दृश्यं मिनियापोलिस–सेंट पॉलच्या विमानतळावर घेतली. पण प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर येतो तो आतल्या, जेमतेम साडेअकरा फूट रुंदीच्या केबिनमध्ये, एका माणसाच्या मांडीवरच्या बॅगेमुळे.

ती केबिन प्लायवूड, सनबोर्ड (प्लास्टिक फोमची हलकी शीट) आणि चार फर्राटा (जोराचा वारा देणारे मोठे) पंखे यांच्यावर वागळे इस्टेटच्या किंवा रबाळ्याच्या गाळ्यात उभी राहू शकते. एकांकिकांचे सेट बांधलेल्या कोणत्याही गटाकडे त्यासाठी लागणारे हात असतातच. कमी पडतात ती मापं, आणि विमानात नेमकं काय कशामुळे घडतं याची माहिती. दोन्ही इथे देत आहोत.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. सेट हलवायचा नाही. हलवायच्या त्या चारच गोष्टी: माणसं, कॅमेरा, खिडकीतून येणारा उजेड आणि लोंबणाऱ्या वस्तू. या चारही एकाच क्षणी हलल्या तर स्प्रिंगवरच्या महागड्या सेटची गरज पडत नाही. त्यातली एक जरी अर्ध्या सेकंदाने मागे राहिली, तरी प्रेक्षकाला खोटेपणा जाणवतो, भले त्याला कारण सांगता येणार नाही.

गाळा

सेट २० फूट लांब आणि सुमारे १२ फूट रुंद होतो. दोन्ही बाजूंना दिव्यांसाठी सहा-सहा फूट, कॅमेऱ्यासाठी एका टोकाला १२ फूट आणि दुसऱ्या टोकाला चार फूट जागा सोडा. म्हणजे २४ × ३६ फुटांचा, मध्ये खांब नसलेला गाळा हवा. छत निदान १२ फूट उंच असावं, कारण लेव्हलसकट (लेव्हल म्हणजे सेटखालचा लाकडी चौथरा) सेटचाच माथा साडेआठ फुटांवर जातो. पोटमाळा घातलेला गाळा यासाठी निरुपयोगी.

गाळा बघायला जाताना वीजमीटर बघा. हजार वॉटचा एक दिवा २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. असे आठ दिवे, चार पंखे आणि धुराचं मशीन लावलं की सिंगल फेजच्या साध्या जोडणीवर भागत नाही. थ्री फेज असेल तर दिवे तिन्ही फेजवर वाटा. नसेल तर एलईडी वापरा किंवा जनरेटर सांगा.

ऋतूचा विचार हवाच. जून ते सप्टेंबर ठाणे-बेलापूर पट्ट्यात खाडीची दमट हवा प्लायला बाक आणते आणि डबल टेपवर चिकटवलेला सनबोर्ड रात्रीतून सुटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये बंद केबिनमध्ये ३६ माणसं आणि दिवे म्हणजे दर वीस मिनिटांनी थांबावं लागणार; वेळापत्रकात ते धरून चाला.

कमानी: सगळं यांच्यावर उभं आहे

बोइंगने ७०७ च्या वरच्या अंगाची गोलाई पुढे ७३७ मध्ये तशीच ठेवली. म्हणून ७०७ ची मापं हाताशी नसली तरी ७३७ च्या केबिनची चालतात: आतली रुंदी १४० इंचांच्या आसपास, एका ओळीत तीन अधिक तीन आसनं. सेटसाठी खालचं गणित पुरेसं आहे.

जमिनीपासून २४ इंच उंचीवर, बरोबर मध्यरेषेवर, गोलाईचं केंद्र धरा. आतली त्रिज्या ७० इंच. त्यामुळे केबिन सर्वांत रुंद होते ती बसलेल्या माणसाच्या कोपराच्या पातळीला, जमिनीवर ती ११ फुटांपर्यंत येते, आणि उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, म्हणजे ७२ इंचांवर, जेमतेम साडेआठ फूट उरते. हा आत झुकणारा आकारच विमानाची ओळख आहे. सरळ उभ्या भिंतींचा सेट कितीही रंगवला तरी व्होल्वो बससारखा दिसतो. छत ८६ इंचांवर सपाट बंद करा. खऱ्या विमानातही वर वायरी आणि हवेच्या नळ्या असल्याने छत गोलाईच्या माथ्यापेक्षा खालीच असतं.

कमान आखायला सात फुटांची लाकडी पट्टी घ्या. एका टोकाला खिळा, तिथून ७० आणि ७५ इंचांवर पेन्सिलीसाठी भोकं. खिळा जमिनीत रोवून पट्टी फिरवली की पाच इंच रुंदीचा चाप मिळतो. एका बाजूची कमान जमिनीपासून छतापर्यंत सुमारे १०० इंच लांब होते. ती अखंड कापायला जाऊ नका, प्लाय वाया जातो. तीन तुकडे करा. ८ × ४ च्या एका प्लायमध्ये असे १६ तुकडे बसतात. १२ मिमीचा प्लाय दुहेरी लावा आणि वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. मध्ये फेविकॉल, वरून काळे जिप्सम स्क्रू, दर सहा इंचांवर एक.

दर ४० इंचांवर एक याप्रमाणे २० फुटांत सात कमानी लागतात. दोन बाजू, तीन तुकडे आणि दुहेरी थर धरून ८४ तुकडे, म्हणजे सहा प्लाय. सातवा जास्तीचा आणा. कमानी एकमेकींना १ × २ इंचाच्या पाइनच्या पट्ट्यांनी जोडा, एका बाजूला निदान पाच पट्ट्या.

एक बाजू सुटी ठेवा. ती तीन भागांत करा, प्रत्येक भाग दोन माणसांना उचलता आला पाहिजे, आणि जोड नट-बोल्टने द्या. याचं पहिलं कारण कॅमेरा आणि दुसरं, त्याहून महत्त्वाचं, आग. प्लाय, फोम, पडदे, गरम दिवे आणि आत ३६ माणसं हे धोकादायक मिश्रण आहे. मधली वाट दोन्ही टोकांना मोकळी हवी, सहा किलोची दोन अग्निशामक नळकांडी हाताशी हवीत आणि एक माणूस फक्त त्यासाठी उभा हवा.

आतून ३ मिमीचा सनबोर्ड लावा. ७० इंचांच्या त्रिज्येवर तो हाताने सहज वळतो. दोन्ही बाजू धरून ३३० चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे बारा शीट. रंग मॅटच द्या. चकचकीत रंगात प्रत्येक दिव्याचं आणि कॅमेऱ्याचं प्रतिबिंब दिसतं.

खिडक्या दहा इंच रुंद, चौदा इंच उंच, कोपरे मोठ्या गोलाईचे. खिडकीचा मध्य जमिनीपासून ४० इंचांवर धरा. बसलेल्याच्या डोळ्यांच्या रेषेपेक्षा तो थोडा खालीच असतो. त्या हाताने कापू नका. साइनबोर्डवाल्याकडे सीएनसी राउटर असतो, त्याला एकच फाइल द्या. दोन खिडक्यांच्या मध्यांत २० इंचांचं अंतर ठेवा, आणि खुर्च्यांच्या ओळींत ३२ इंचांचं. म्हणजे खिडकी आणि ओळ क्वचितच जुळते. अगदी तसंच राहू द्या. विमानात अनेकांच्या वाट्याला अर्धी खिडकी येते, आणि प्रत्येक ओळीला नेमकी एक खिडकी देणारा सेट तिथेच पकडला जातो.

खुर्च्या, आणि १९७० दाखवायचं असेल तर

तीन खुर्च्यांचा एक संच ५९ इंचांचा: १७ इंचांच्या तीन बैठका आणि दोन इंचांचे चार हात. दोन्ही भिंतींपासून एक-एक इंच सोडला की मधली वाट २० इंच उरते. ३० सेंटीमीटर रुंदीची जेवणाची ट्रॉली त्यातून जाते आणि शेजारून माणूस जाऊ शकत नाही. ही कोंडी प्रसंगात कामाला येते, वाट रुंद करून ती घालवू नका.

एक इंची चौकोनी लोखंडी पाइपची चौकट, १८ मिमी प्लायची बैठक, त्यावर चार इंच जाड ४० घनतेचा फोम. बैठक जमिनीपासून १७ इंच, पाठीचा माथा ४४ इंच. सहा ओळींना असे बारा संच. लक्झरी बसच्या जुन्या खुर्च्या बॉडी बिल्डरकडे मिळतात, पण त्यांची पाठ फार फुगीर आणि रुंदीही जास्त असते. पुढच्या दोन ओळी स्वतः बनवून मागच्या चार बसच्या खुर्च्यांवर भागवणं हा चांगला मध्यम मार्ग. ७५ किंवा ८५ मिमीच्या लेन्सने टोकाकडून बघितलं की मागच्या ओळी एकमेकींवर दाटून येतात, आणि शेवटी पडदा लावला की सहा ओळींच्या पुढेही विमान आहे असं वाटतं.

सीटबेल्टचं बक्कल वर उचलायच्या पट्टीचंच हवं. मोटारीतलं लाल बटणाचं बक्कल जवळच्या शॉटमध्ये सगळं बिघडवतं.

काळ १९७० चा असेल तर डोक्यावरच्या बंद कपाटांचा विचार सोडा. ७०७ मध्ये तेव्हा टोपी-कोट ठेवायचे उघडे रॅक असत. बांधायला ते सोपे आहेत आणि हादऱ्यात त्यांतून वस्तू पडतात, म्हणजे दुहेरी फायदा. खुर्चीच्या हातात राखदाणी दाखवा. सिगारेट पेटवू नका. एक तर सेट जळाऊ, शिवाय धूम्रपान दाखवलं की पडद्यावर वैधानिक इशारा द्यावा लागतो. डोक्यामागे पांढरे कपडे लावा. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे फ्लाइट इंजिनीअर तिसरा बसलेला असतो, त्याला विसरू नका.

खिडकीतला उजेड

खिडकीबाहेर चार-पाच फुटांवर पांढरा स्किमर (उजेड मऊ करणारं पातळ कापड) ताणा आणि त्याच्या मागून दिवे द्या. ढगांच्या वर उडणाऱ्या विमानात बाहेर एकसारखा पांढरा उजेडच असतो. आकाशाचा छापील फ्लेक्स लावण्यापेक्षा हे कितीतरी खरं दिसतं. त्यावर एक तीव्र दिवा सूर्य म्हणून, स्किमरच्या अलीकडे, उंचावर. विमान वळतं तेव्हा उन्हाचे चौकोन समोरच्या भिंतीवर, माणसांच्या चेहऱ्यांवर सरकतात. दिवा ट्रॉलीवर ठेवून सेटच्या लांबीला समांतर सावकाश ढकलला की नेमका हाच परिणाम मिळतो. इतक्या कमी खर्चात इतकं विमानपण देणारी दुसरी युक्ती नाही.

वळणाच्या वेळी कॅमेरा तिरका करायचा मोह टाळा. विमान नीट तोललेलं वळण घेतं तेव्हा आतल्या ग्लासातलं पाणी केबिनच्या जमिनीशी समांतरच राहतं, आणि प्रवाशाला आपण कललो आहोत हे फक्त खिडकीतून कळतं. म्हणून कलायचं ते बाहेरच्या क्षितिजाने. तिरका कॅमेरा राखून ठेवा विमान हाताबाहेर जातं त्या क्षणासाठी. तेव्हाच त्याला किंमत येते.

विजांसाठी फोटोचा फ्लॅश वापरू नका. आजचे बहुतेक कॅमेरे चौकट वरून खाली वाचत जातात, त्यामुळे अतिसूक्ष्म काळाचा फ्लॅश अर्ध्याच चौकटीत उमटतो. एलईडी पॅनल तीन-चार फ्रेमइतका वेळ चालू-बंद करा, दोनदा लागोपाठ, दुसऱ्यांदा कमी. आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने २४ फ्रेमवर शटर १७२.८ अंशांवर किंवा सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी लुकलुकताना दिसतील.

हादरे: समूहाचं काम

एकांकिकांमध्ये घडलेली मंडळी इथे व्यावसायिक ज्युनिअर आर्टिस्टपेक्षा सरस ठरतात, कारण त्यांना एका ठेक्यावर हलायची सवय असते. कॅमेऱ्यामागे एक माणूस उभा करा. तो आकडे पुकारेल. 'एक' म्हणजे विमान खाली गेलं: खांदे वर, हात खुर्चीच्या हातांवर, पोट आत, आणि पाव सेकंदाने मान खाली. 'दोन' म्हणजे विमान डावीकडे ढकललं गेलं: सगळी शरीरं उजवीकडे. 'तीन' उलट. 'चार' म्हणजे बारीक थरथर, फक्त गाल आणि हातातल्या वस्तू. दिवसाभराच्या तालमीत हे बसतं. आकडे ध्वनीत रेकॉर्ड होतात, म्हणून हे शॉट मुळात मूकच धरा.

खरे हादरे बहुतांशी उभे, खाली-वर असतात. कॅमेराही तसाच हलवा: हातात धरून, कोपर अंगाला टेकवून, इंचभर खाली-वर. लेन्स ३५ मिमीच्या आसपास. लांब लेन्सवर तोच इंच पडदाभर होतो आणि बघणाऱ्याचं डोकं दुखतं. सतत हलवू नका. हादरा, तीन सेकंद शांतता, पुन्हा हादरा. भीती त्या शांततेत असते.

कॅमेऱ्याजवळच्या एका संचाच्या पायांखाली स्कूटरची जुनी ट्यूब, निम्मी हवा भरून, ठेवा आणि मागून तीन फुटांच्या फळीची तरफ लावा. एक माणूस तो संच तालात हलवू शकतो. संच लेव्हलला सैल बोल्टने बांधलेला हवा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त खेळ नको, नाहीतर तिघं तोंडावर आपटतील. पडद्याला काळा दोरा, लोंबणाऱ्या प्राणवायूच्या मास्कांना नायलॉनचा दोरा, ट्रेवरच्या चमच्यांना मोकळीक. रॅकमधून पडणाऱ्या बॅगा रिकाम्या, आत नुसता फोम. काचेची एकही वस्तू सेटवर नको.

विमानाला भोक पडतं तेव्हा

इथे बहुतेक जण अंदाजाने काम करतात आणि प्रसंग फसतो. म्हणून आधी घडामोड समजून घ्या.

३५ हजार फुटांवर बाहेरची हवा विरळ आणि उणे ५४ अंशांच्या आसपास थंड असते. केबिनमध्ये मात्र आठ हजार फुटांवर असावा इतका दाब राखलेला असतो. आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस इंचाला आठ पौंडांच्या घरात. आपल्या दहा बाय चौदाच्या खिडकीवर म्हणजे हजार पौंड, साडेचारशे किलो. (म्हणूनच ७०७ सारख्या विमानाचा आतून घट्ट बसणारा दरवाजा उडताना कोणाच्याही ताकदीने उघडत नाही. पटकथेत कोणी दार उघडायला धावत असेल तर ते वाक्य आजच काढा.)

भोक पडलं की क्रम असा: मोठा धडाका. लगेच पांढरं धुकं, कारण दाब एकदम उतरल्याने हवा थंडावते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होऊन ती दिसू लागते. हवा, कागद, पडदे, केस भोकाच्या दिशेने. कान दुखतात. मास्क पडतात. आतला-बाहेरचा दाब सारखा झाला की ती ओढ संपते. मोठं भोक असेल तर हे काही सेकंदांत उरकतं. त्यानंतर उरतो तो वाऱ्याचा आवाज, थंडी आणि खाली झेपावणारं विमान. दहा मिनिटं माणसं भोकाकडे ओढली जाताना दाखवणं चूक आहे, आणि नाट्य म्हणूनही कमजोर आहे.

धुक्यासाठी पाण्यावर चालणारं धुराचं मशीन भाड्याने घ्या. ड्राय आइस बंद गाळ्यात कधीही नको. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि खाली बसलेल्या माणसाला गुदमरवतो. मशीनचा धूर एका कोपऱ्यातून लोट बनून येतो, खरं धुकं मात्र सगळीकडे एकदम उमटतं. म्हणून धडाक्यावर शॉट तोडा. केबिन आधीच धुराने भरा, पंख्याने तो सारखा पसरवा आणि पुढचा शॉट त्याच धुक्यात सुरू करा. मग सुट्या बाजूचा एक भाग काढून एक्झॉस्ट चालवा; धुकं विरताना चेहरे दिसू लागतात, तो क्षण सोडू नका.

पंखे पुढच्या टोकाला ठेवा, भोक मागे असेल तर. चार फर्राटा, दोन जमिनीलगत, दोन पाच फुटांवर. उडवायचे कागद टिश्यूचे. वर्तमानपत्र जड असतं आणि लगेच खाली बसतं. सगळ्यांचे केस एकाच दिशेने उडाले पाहिजेत, म्हणून वेगळ्या दिवशी घेतलेल्या जवळच्या शॉटसाठी पंख्याची बाजू टेपने जमिनीवर खुणावून ठेवा.

मास्क: पिवळा प्लास्टिकचा, साडेतीन इंच व्यासाचा पेला, खाली पारदर्शक पिशवी, सहा मिमीची नळी, इलॅस्टिक. तीन खुर्च्यांना चार मास्क, कारण मांडीवरच्या बाळासाठी जास्तीचा लागतो. दर ओळीवर सहा बाय दहा इंचांची झडप, आत चुंबकी कॅच. झडपांचे दोरे एकाच काठीला बांधले आणि ती काठी ओढली की मास्क पुढून मागे लाटेसारखे पडतात. नटांना दोन गोष्टी सांगा. मास्क स्वतःकडे ओढायचा, कारण ओढल्यावरच प्राणवायू सुरू होतो. आणि पिशवी फुगेलच असं नाही, म्हणून तिच्याकडे बघत बसायचं नाही. ३५ हजार फुटांवर मास्कशिवाय शुद्ध अर्धा ते एक मिनिट टिकते, त्यामुळे मास्क लावण्याआधी लांबलचक संवाद देऊ नका.

विमान अशा वेळी वाचू शकतं का, असं प्रेक्षक विचारेल. वाचू शकतं. एप्रिल १९८६ मध्ये अथेन्सकडे निघालेल्या टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीच्या ७२७ मध्ये बॉम्ब फुटला, चौघं भोकातून बाहेर फेकले गेले, तरी विमान उतरलं. २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं १८ फुटांचं छप्पर उडालं. एक कर्मचारी गेली, बाकी सगळे जिवंत उतरले. उलट २२ मे १९६२ ला अमेरिकेत कॉन्टिनेंटलच्या ७०७ मध्ये विमा उतरवून चढलेल्या प्रवाशाने मागच्या शौचालयात डायनामाइट फोडलं, शेपूट तुटली आणि विमानातले सर्व ४५ जण मेले. फरक पडतो तो भोक कुठे पडतं यावर, आणि पटकथा लिहिताना हे ठरलेलं हवं.

बॅग

'एअरपोर्ट'मध्ये बॉम्ब घेऊन बसलेला माणूस व्हॅन हेफ्लिनने केला आहे, आणि शेजारी फुकट प्रवास करणारी म्हातारी हेलन हेजने. तिला याच भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. त्या प्रसंगांचा ताण हालचालीत नाही, बॅगेच्या जागेत आहे. बॅग मांडीवर, हात तिच्यावर, शेजारणीची नजर तिच्यावर. तुमच्या चित्रीकरणातही प्रत्येक शॉटमध्ये बॅग कुठे आहे ते ठरवा आणि ती कधी दिसत नाही तेही.

वस्तू म्हणून मात्र ही बॅग सर्वांत जबाबदारीने सांभाळायची. खोट्या बॉम्बची बॅग लोकलने, टीएमटीच्या बसने किंवा रिक्षाने नेऊ नका. ठाणे स्टेशनवर ती उघडली गेली तर काय गोंधळ उडेल हे वेगळं सांगायला नको. आतला भाग सेटवरच जोडा, सेटवरच सोडा, कुलपात ठेवा. स्थानिक पोलीस ठाण्याला चित्रीकरणाचं पत्र आधी द्या आणि त्यात अशी वस्तू वापरणार हे स्पष्ट लिहा. धडाक्यासाठी फटाका किंवा दारू वापरू नका. प्रकाशाचा झोत, धूर आणि नंतर टाकलेला आवाज पुरतात.

कॉकपिट आणि बाहेरचं जग

कॉकपिट पूर्ण बांधायची गरज नाही. वैमानिकांच्या बाजूने घेतलेले जवळचे शॉट आणि पॅनलचा एक तुकडा पुरतो. पॅनल बॅकलिट फ्लेक्सवर छापा, मागे चार इंचांवर १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या. ७०७ ला चार इंजिनं, म्हणून गोल मापकांचे चार स्तंभ आणि चार थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारे दांडे). इंटरनेटवरून उचललेलं ७३७ चं चित्र दोनच दाखवेल.

त्या चित्रपटाला हिमवादळ हवं होतं. मिनेसोटात ऐन हिवाळ्यात आकाश स्वच्छ राहिलं आणि शेवटी प्लास्टिकचा बर्फ वापरावा लागला. आपण बर्फाच्या नादी लागूच नये. कथेत बर्फात रुतलेल्या ७०७ मुळे मुख्य धावपट्टी बंद पडते; आपल्याकडे तेच पावसाने घडवून दाखवलं आहे. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेलं ७३७ मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन रुतलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दुसरीवर सगळा भार येतो. कथानक आयतं आहे, आणि प्रेक्षकाने तो पाऊस स्वतः भोगलेला आहे.

खिडकीवरच्या पावसासाठी पाठीवरचा फवारणी पंप आणि एक पंखा. हवेत असताना थेंबांच्या रेघा मागे, आडव्या धावतात. जमिनीवर उभ्या विमानात त्या खाली ओघळतात. थांबून राहणारे थेंब हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं. हे पाणी दिव्यांपासून आणि वायरींपासून दूर राहील अशी प्लास्टिकची पन्हळ खाली लावा.

ड्रोनने विमानतळ टिपायचा विचार असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. उलव्याचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून चालू आहे आणि नवी मुंबईचा बराच भाग आता निर्बंधात येतो. विमानतळाच्या आवारातल्या चित्रीकरणाला रीतसर परवानग्या लागतात, त्या छोट्या गटाला परवडत नाहीत. टॉवरचं काम फोनवरच्या आवाजाने भागवा. सीटनने टॉवर, कॉकपिट आणि ऑफिस एकाच पडद्यावर चौकटी करून दाखवली. ते जमवायला दोन्ही शॉट एकाच लेन्सवर, कॅमेऱ्याची उंची एकच, डावीकडचा माणूस उजवीकडे बघणारा, आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना कापायला जागा सोडलेली, इतकंच लागतं.

आवाज

एमआयडीसीत ट्रक आणि कंप्रेसर थांबत नाहीत. सुदैवाने विमानात कायम घरघर असते, ती त्यांना झाकते. तीन थर लावा: खालचा जाड गुरगुराट, मधला वातानुकूलनाचा फुसफुसाट, वर भांडी-प्लास्टिकची कुरकुर. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं घणसोली-कोपरखैरणेवरून खाडी ओलांडतात. तिथल्या गच्चीवरून पहाटे बाहेरचे आवाज चांगले मिळतात.

भोक पडल्यावर इंजिनांचा आवाज वाढवू नका. वैमानिक थ्रॉटल पूर्ण मागे ओढतो, पंखांवरच्या हवारोधक फळ्या वर करतो आणि नाक खाली घालून दहा हजार फुटांपर्यंत उतरतो. याला पाच-सहा मिनिटं लागतात. म्हणजे इंजिनं शांत होतात आणि वाऱ्याचा आवाज चढतो. तिथे विमान सरळ झालं की इंजिनं पुन्हा गुरगुरतात, आणि तो आवाज ऐकून प्रवासी एकमेकांकडे बघतात. हे सहा मिनिटांचं उतरणं पडद्यावर दीड मिनिटात आणा, पण आवाजाचा हा क्रम मोडू नका.

चित्रीकरण संपल्यावर कमानींना दोन्ही बाजूंनी क्रमांक टाका, 'डा १', 'उ १' असे, बोल्ट त्याच कमानीला पिशवीत बांधा आणि आडव्या रचा. उभ्या टेकवून ठेवल्या तर पहिल्याच पावसाळ्यात गोलाई बिघडते.